नाव खोडले तरी

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला मुले वॉर्डात येतात आणि ‘केस घ्यायला’ शिकतात. त्यांतल्या काहींना घेतलेल्या केसमधून प्रश्न पडू लागतात, आणि संशोधन तिथेच सुरू होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ पासून अशा विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या प्रकल्पासाठी छात्रवृत्ती दिली आहे. या वाटेने येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत. केसपेपरांचा गठ्ठा हाती घेण्याआधी मात्र थोडे थांबा.

गोपनीयता म्हणजे नाव खोडणे, अशी बहुतेकांची समजूत असते. आपल्याकडे माणूस गावावरून, आडनावावरून, कामावरून ओळखला जातो. ‘बत्तीस वर्षांची विधवा, ऊसतोड कामगार, अमुक गाव, एचआयव्हीबाधित’ एवढे छापले की त्या गावात नावाची गरजच उरत नाही. म्हणून वय गटात लिहावे, गाव वगळावे, नावाऐवजी क्रमांक द्यावा, आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी वेगळी, कुलपात ठेवावी. एक्स-रेचा मोबाईलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना त्याच्या कोपऱ्यात छापलेले नाव किती जण पाहतात? ओळख पटेल असा फोटो किंवा केस रिपोर्ट रुग्णाच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करायला डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांनी मनाई केली आहे. एचआयव्हीसाठी तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. मुळात ही जाण फार जुनी. रुग्णाच्या घरातले बाहेर बोलू नकोस, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला बजावले आहे.

संमती मला याहून अवघड वाटते. पांढरा कोट दिसला की रुग्णाच्या लेखी समोर डॉक्टरच उभा असतो. नाही म्हटले तर उपचार बिघडतील, या धास्तीने तो अंगठा उठवतो. अशा अंगठ्याला मी संमती मानत नाही. ‘तुम्ही नाही म्हणालात तरी औषधपाणी हेच मिळेल’, हे सही मागण्याआधी त्याच्या बोलीत सांगायला हवे. जुन्या केसपेपरांवरच्या अभ्यासात संमतीतून सूट मिळू शकते. पण ती देणे नीतिसमितीच्या हाती आहे, तुमच्या किंवा तुमच्या गाईडच्या नाही. समितीची मंजुरीही माहिती गोळा करण्यापूर्वीच लागते.

पहिला फॉर्म भरण्याआधी कॉटजवळ दोन मिनिटे बसा आणि विचारा, ‘तुमच्याबद्दल काय लिहिलेलं तुम्हाला चालणार नाही?’ उत्तर मिळेल ते आधी टिपून घ्या.