आधी ब्रेक, मग वेग : जुन्या स्पोर्ट्स कारची घरच्या घरी निगा

दोन आसनांची, जमिनीलगत बसणारी, वजनाने हलकी आणि वळणावर चटकन प्रतिसाद देणारी मोटार म्हणजे स्पोर्ट्स कार. भारतात अशा मोटारी थोड्याच तयार झाल्या. गोव्यातून १९९८च्या सुमारास बाजारात आलेली सॅन मोटर्सची ‘सॅन स्टॉर्म’ हे त्यातील ठळक उदाहरण. फायबरग्लासचे अंग, रेनोचे सुमारे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि ६०च्या आसपास अश्वशक्ती असे तिचे स्वरूप होते. पुढे २०१२च्या ऑटो एक्स्पोमध्ये दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीची ‘अवंती’ लोकांसमोर आली. या दोन्हींचे उत्पादन आता थांबले आहे. त्यामुळे ज्यांच्याकडे अशी मोटार आहे, त्यांच्यापुढे एकच प्रश्न उरतो : ती चालती ठेवायची कशी?

परदेशात या प्रश्नाचे उत्तर काही अंशी कंपन्यांनीच दिले आहे. माझदाने १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या ‘एमएक्स-५’साठी जपानमध्ये २०१७ साली पुनर्बांधणीची योजना जाहीर केली. टोयोटाने २०२०पासून जुन्या ‘सुप्रा’चे काही सुटे भाग पुन्हा तयार करण्यास प्रारंभ केला. लहान उत्पादकांच्या भारतीय मोटारींना असा आधार नाही. येथे मालक, त्याची नोंदवही आणि गावातला कुशल कारागीर यांच्यावरच सारी भिस्त असते.

गावचे घर आणि तिथले हवामान

शहरात मोटार खोलून ठेवण्याएवढी जागा मिळणे दुरापास्त झाले आहे. म्हणून अनेक हौशी मंडळी हे काम गावच्या घरी, पत्र्याच्या शेडखाली करतात. बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे अशा कामाच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे गाव आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, म्हणजे आजचा क्रमांक ५३, येथून जातो. पूर्वेला खामगाव-अकोला आणि पश्चिमेला मलकापूर-भुसावळ-जळगाव अशा बाजारपेठा याच वाटेवर आहेत. महामार्गालगतच्या पट्ट्यात ट्रक व ट्रॅक्टर दुरुस्त करणारे हात सापडतात. रेडिएटर डागणे, लेथवर बुश काढून देणे, जाम झालेला बोल्ट सोडवणे ही कामे अशा कारागिरांच्या हातची असतात.

मात्र पूर्णा खोऱ्याचे हवामान जुन्या मोटारीची परीक्षा पाहणारे आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टर लवकर चोंदवते. शिवाय अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा याच खोऱ्यातला. येथील अनेक विहिरींचे व बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. हे पाणी रेडिएटरमध्ये घातल्यास आत क्षारांचा थर बसतो, नळ्या अरुंद होतात आणि इंजिन तापू लागते. मोटार धुताना हेच पाणी अंगावर वाळू दिले, तर पांढरे डाग राहतात आणि खालच्या पोलादी सांगाड्याला गंज चढण्यास मदत होते.

आरंभ पाहणीने

पहिला आठवडा दुरुस्तीत न घालवता पाहणीत घालवावा. चासी व इंजिनचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. एक जाड वही करून त्यात तारीख, किलोमीटर, बदललेला भाग, त्याचा क्रमांक आणि मिळाल्याचे ठिकाण लिहावे. सुटा भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या डबीत ठेवावेत. उत्पादन बंद झालेल्या मोटारीत ही वहीच पुढच्या मालकाची माहितीपुस्तिका ठरते.

इंजिनची प्रकृती कॉम्प्रेशन तपासणीतून कळते. इंजिन गरम करून सर्व स्पार्क प्लग काढावेत, इंधन व ठिणगीचा पुरवठा तोडावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. सिलिंडरा-सिलिंडरांतील फरक १०-१५ टक्क्यांहून अधिक असेल, तर कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष बहुधा पिस्टन रिंगचा, न वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा समजावा. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याची नोंद नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे. अनेक इंजिनांत हा पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काही शे रुपयांच्या भागापायी संपूर्ण इंजिन खोलावे लागते.

एक नियम कधीही मोडू नये. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणी जाऊ नये. सपाट, कठीण जमिनीवर मजबूत स्टँड, म्हणजे गॅरेजच्या भाषेतली घोडी, लावावी आणि उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण द्यावी. मऊ काळ्या मातीत घोडी रुतते. म्हणून फरशी किंवा काँक्रीट आवश्यक आहे.

ब्रेक

निगेच्या यादीत पहिले स्थान ब्रेकचे. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ दर्जाच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो; ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट-३साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. घाटात सतत ब्रेक दाबल्यावर असे जुने ऑईल उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. सिलिकॉनयुक्त डॉट-५ हे वेगळे रसायन असून ते डॉट-३ किंवा डॉट-४मध्ये कधीही मिसळू नये.

जुन्या मोटारीत रबरी होज बाहेरून ठीक दिसले तरी आतून फुगलेले असू शकतात. अशा वेळी ब्रेक लागतो पण सुटत नाही आणि चाक तापते. होज, कॅलिपरची सिले आणि मास्टर सिलिंडरचे किट एकाच वेळी बदलणे शहाणपणाचे. हवा काढण्यासाठी दोघे लागतात : एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सैल करून पुन्हा कसायचा. मोटारीच्या माहितीपुस्तिकेत वेगळा क्रम दिलेला नसेल तर सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. पहिली चाचणी अंगणात, चालण्याच्या वेगाने घ्यावी.

थंडावा

उष्ण प्रदेशात इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. थर्मोस्टॅटविना इंजिन योग्य तापमानाला येत नाही, पेट्रोल अधिक जळते आणि झीज वाढते. खरे कारण बहुधा चोंदलेला रेडिएटर, मंद पंखा किंवा दाब न धरणारे झाकण हे असते. डिस्टिल्ड वॉटर व कुलंट निम्मे-निम्मे घेतल्यास मिश्रण साध्या दाबाला सुमारे १०७ अंशांना उकळते. झाकणाने दाब धरला की ही मर्यादा आणखी वर जाते. गरम इंजिनचे झाकण उघडणे म्हणजे भाजण्यास आमंत्रण देणे होय.

इंधन आणि रबर

देशभरात शिसेविरहित पेट्रोल २०००पासून आले. त्याआधीच्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटची तपासणी तेव्हापासूनच आवश्यक ठरली. आता दुसरा बदल झाला आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. जुन्या मोटारींतील नळ्या, गॅस्केट आणि पंपाची पटले या मिश्रणासाठी घडवलेली नव्हती. इथेनॉल पाणी ओढते. टाकीत पाणी पुरेसे साचले की इथेनॉल व पाणी तळाशी वेगळे होतात आणि इंजिन सुरूच होत नाही. उपाय दोन : इंधनाच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाच्या घालाव्यात आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या मोटारीत जुने पेट्रोल ठेवू नये. पेट्रोलची नळी बदलताना बॅटरीची ऋण तार आधी काढावी.

टायरच्या बाबतीत नक्षीपेक्षा वय महत्त्वाचे. टायरच्या बाजूवर ‘डॉट’च्या मालिकेत शेवटी चार अंक असतात. २३१९ असे अंक असतील तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असूनही बाजूला बारीक तडे गेले असतील, तर तो टायर वेगाच्या मोटारीला वापरू नये.

फायबरग्लासच्या अंगाची गोष्ट

फायबरग्लास गंजत नाही; त्यामुळे मालक निर्धास्त राहतो आणि आतला पोलादी सांगाडा मात्र गंजत जातो. सस्पेन्शन जिथे सांगाड्याला जोडलेले असते, त्या जागा तारेच्या ब्रशने घासून, टोकदार साधनाने टोचून पाहाव्यात. दुसरी अडचण विजेची. पत्र्याच्या मोटारीत संपूर्ण अंगच अर्थिंगचे काम करते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र तार असते. दिवा मंद होणे, इंडिकेटर दिल्यावर भलताच दिवा लागणे, काटे नाचणे या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा या तारेच्या गंजलेल्या टोकाशी सापडते. बल्ब किंवा मीटर बदलण्यापूर्वी ही टोके घासून पाहावीत. गावच्या शेडमध्ये उंदीर वायरिंग कुरतडतात, हेही विसरू नये. अंगाला गेलेला तडा काचतंतूंची चटई व रेझिन वापरून घरी बुजवता येतो. मात्र त्या वेळी मास्क व हातमोजे हवेत आणि जवळपास वेल्डिंग मुळीच नको.

सुधारणा कोणत्या क्रमाने?

हौशी मालकाचे लक्ष सर्वप्रथम अश्वशक्तीकडे जाते. प्रत्यक्षात क्रम उलटा असावा. चांगले टायर, उत्तम ब्रेक पॅड, नवे शॉक ॲब्सॉर्बर व रबरी बुश आणि चाकांचे अचूक अलाइनमेंट या चार गोष्टींनी ६० अश्वशक्तीची हलकी मोटारही नव्यासारखी वळू लागते. त्यानंतर हेडलाइटला रिले बसवून पुरेसा विद्युतदाब द्यावा. हॅलोजनच्या घरात बाजारू एलईडी बल्ब घातल्यास प्रकाश विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. इंजिनची ताकद वाढवण्याचा विचार, केलाच तर, सर्वांत शेवटी करावा. कारण वाढलेली प्रत्येक अश्वशक्ती थंडावा, क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांच्यावर नवा भार टाकते.

येथे कायद्याची मर्यादाही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ वर्णनापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९च्या निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. कलम १८२-अ अन्वये मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्या इंधनासाठी इंजिन बदलायचे झाल्यास परिवहन कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते. रंग बदलल्यासही प्रमाणपत्रावर नोंद करून घ्यावी. अपघातानंतर नोंद नसलेला बदल आढळला, तर विम्याचा दावा अडचणीत येतो. पाच वर्षांहून जुन्या मोटारीचे विमामूल्य कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. म्हणून केलेल्या कामाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

कागदपत्रे

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवली जाते. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये केले. आयात मोटारींचे शुल्क याहून बरेच अधिक आहे. महाराष्ट्रात याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो आणि १ एप्रिल २०१९पूर्वीच्या वाहनांनाही उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची आहे.

गोव्यात नोंदलेली मोटार विकत घेऊन ती बुलढाणा जिल्ह्यात कायम ठेवायची असेल, तर तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या वाहनाला नवा क्रमांक घ्यावा लागतो. बुलढाण्याची मालिका एमएच-२८ आहे. राज्याचा मोटार वाहन करही भरावा लागतो. सौदा करताना हा खर्च किमतीत धरावा. ५० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२१पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र तरतूद आहे. सॅन स्टॉर्मसारख्या मोटारींना ती लागू होण्यास अद्याप बराच अवधी आहे.

काय करू नये

सांगाड्याचे वेल्डिंग, स्प्रिंग दाबून काढणे आणि एअरबॅगची जोडणी ही कामे घरी करू नयेत. वापरलेले इंजिन ऑईल शेतात, नाल्यात वा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे. मोटार महिनाभर उभी राहणार असेल, तर बॅटरी सोडवून ठेवावी आणि हँडब्रेकऐवजी चाकांना अडण लावावी, म्हणजे ब्रेक चिकटत नाहीत.

नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षक ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, टायर, धूर व क्रमांक पाहतो. निगेचा क्रम या यादीशी जुळता ठेवला, तर पाच वर्षांनी येणाऱ्या तपासणीची धास्ती उरत नाही. तिथे अडखळलेली मोटार शेडमध्येच राहते आणि सुटे भाग विकण्यापलीकडे तिला भवितव्य उरत नाही. उत्पादन बंद झालेल्या प्रकारातील अशी प्रत्येक मोटार कमी होणे म्हणजे उरलेल्यांपैकी एक कायमची जाणे असते.