जावातल्या ‘कंपायलर’ क्लासची कुळकथा

जानेवारी 1996 मध्ये जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्याबद्दलची मोठी तक्रार संथपणाची होती. व्हर्च्युअल मशीन बाइटकोडमधली एकेक सूचना वाचायचं आणि चालवायचं. प्रोग्राम चालू असतानाच त्याचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारा जेआयटी कंपायलर, हा त्यावरचा उपाय. असा कंपायलर कोणीही बनवून बाहेरून जोडू शकेल, अशी सोय सन मायक्रोसिस्टिम्सने सुरुवातीपासूनच करून ठेवली. तीच ‘जावा.लँग.कंपायलर’ या क्लासची जन्मकथा.

क्लास लहानसाच. कंपाइलक्लास, कंपाइलक्लासेस, कमांड, एनेबल, डिसेबल एवढ्याच मेथड्स. हा क्लास आत्ताच कंपाइल कर, आता थांब, असं प्रोग्रामरने सांगायचं. कंपायलर जोडलेलाच नसेल तर या मेथड्स काहीच करत नसत.

मूळ गृहीतच पुढे बदललं. सनमध्येच ‘सेल्फ’ भाषेवर संशोधन चालू होतं. कोणता कोड वारंवार चालतो हे मशीननेच पाहावं आणि तेवढाच नीट घासूनपुसून वेगवान करावा, ही दृष्टी त्यातून आली. 1997 मध्ये सनने त्याच परंपरेतली ॲनिमॉर्फिक ही छोटी कंपनी विकत घेतली आणि तिच्या कामातून हॉटस्पॉट उभं राहिलं. 2000 सालच्या जावा 1.3 पासून तेच मुख्य मशीन झालं. एखादी मेथड कितीदा बोलावली गेली याची मोजणी ते स्वतः ठेवी. सर्व्हरसाठीच्या कंपायलरचा उंबरठा 10,000 वेळांचा होता. माझ्या मते इथेच जुन्या क्लासचं काम संपलं, कारण प्रत्यक्ष मोजणीपुढे प्रोग्रामरचा अंदाज टिकत नाही.

तरीही क्लास राहिला. जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चाललाच पाहिजे, हा शब्द जावाने मनापासून पाळला आहे आणि त्याबद्दल मला आदर वाटतो. अखेर 2017 मध्ये जावा 9 ने त्याच्यावर ‘डेप्रिकेटेड’ची खूण केली, तीही पुढे काढून टाकणार असं बजावून. जेआयटी कंपायलर एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की एकाच प्रमाणित क्लासमधून सगळ्यांना हाकता येत नाही, असं कारण दिलं. सप्टेंबर 2023 च्या जावा 21 मध्ये क्लास गेला.

ज्यांच्या जुन्या कोडमध्ये तो अजून असेल त्यांनी त्या ओळी निर्धास्त काढाव्यात. कंपायलरला खरोखरच काही सांगायचं असेल, तर जावा 9 नेच मेथडगणिक सूचना देण्याची सोय केली आहे. त्या सूचना मशीन सुरू करताना फाइलमधून देता येतात किंवा चालू मशीनला ‘जेकमांड’ने, प्रोग्रामच्या कोडला हात लावावा लागत नाही.