दहा गोळ्यांचा हिशेब

आमच्या घरात एक जुना वाद आहे. तो जमिनीचा नाही, दागिन्यांचा नाही. तो आहे दहा गोळ्यांचा. पुरी तीस वर्षे तो धुमसत होता आणि त्यात मीही, न बोलता का होईना, चुकीच्या बाजूला उभा होतो. तेव्हा आज जे सांगणार आहे ते इतिहास म्हणून सांगत असलो, तरी त्यात थोडा प्रायश्चित्ताचाही भाग आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.

माझा थोरला भाऊ वनखात्यात होता. १९९४ साली त्याची नेमणूक गडचिरोली जिल्ह्यात, अहेरीच्याही पलीकडे जंगलात होती. दसऱ्याच्या सुमारास त्याला थंडी वाजून ताप भरला. तिथल्या दवाखान्यातून क्लोरोक्विनच्या दहा गोळ्या मिळाल्या. पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी दोन. ताप उतरला. दादा, वहिनी आणि मुले दिवाळीला सांगलीस घरी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे दादा उटणे लावून घ्यायला पाटावर बसला आणि त्याला अशी हुडहुडी भरली की पाटासकट तो हलू लागला. संध्याकाळपर्यंत त्याला माणसे ओळखू येईनात.

डॉक्टरांनी रक्ताची काच तपासली. म्हणाले, "फाल्सिपेरम आहे. मेंदूवर जायच्या बेतात आहे." मग त्यांनी विचारले, "गोळ्या पुऱ्या घेतल्या होत्या ना?" प्रश्न साधाच, पण आमच्या घरातल्या सगळ्या माना वहिनीकडे वळल्या. कोयनेलचे सलाईन लावून दादा वाचला; कित्येक दिवस त्याच्या कानांत नुसते घणघणत होते. वहिनी मात्र वाचली नाही. "नवऱ्याला दहा गोळ्या धड देता आल्या नाहीत," हे वाक्य आईने तिला आयुष्यभर ऐकवले. वहिनी मला एकदाच म्हणाली, "भावोजी, मी स्वतः ह्यांच्या हातावर गोळ्या ठेवल्या, दहाही. पाण्याचा पेलासुद्धा मीच दिला." मी मान हलवली. पण मनातून मलाही वाटले, एखादी राहिली असेल.

निवृत्त झाल्यावर हाती वेळ आला, तेव्हा या गोळीचा इतिहास धुंडाळायला लागलो. तो इतका अद्भुत निघाला की, दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला विषय कडू असला तरी, आपल्यापुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

हिवतापावर माणसाजवळ पहिले खरे औषध होते ते सिंकोना झाडाची साल. १८२० साली पेलेतिए आणि कावांतू या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून क्विनाइन वेगळे काढले. तेच आपल्या आजीचे कोयनेल. पण औषध मिळाले तरी रोग कशाने होतो हे साठ वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. १८८० साली अल्जीरियात लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरला रोग्याच्या रक्तात काळसर कण असलेले सजीव जंतू हलताना दिसले. १८९७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात तेच काळे कण असलेल्या पेशी पाहिल्या आणि डासाचा गुन्हा सिद्ध झाला. हे काळे कण लक्षात ठेवावेत. आपल्या गोष्टीची किल्ली त्यांच्यात आहे.

क्लोरोक्विन आले ते बरेच पुढे. जर्मनीतल्या एल्बरफेल्ड येथील बायरच्या प्रयोगशाळेत हान्स आंडरझाग यांनी १९३४ साली ते तयार केले. पण फार विषारी समजून बाजूला ठेवून दिले. दुसऱ्या महायुद्धात जावा बेट जपानच्या हाती गेले, आणि जगातले बहुतेक कोयनेल तर तिथूनच येत असे. मग अमेरिकेने नव्या औषधांची कसून शोधाशोध केली, आणि अडगळीतले हे रत्न पुन्हा उजेडात आले. स्वस्त, सोपे, तीन दिवसांत गुण देणारे!

आपल्या देशात तेव्हा काय स्थिती होती? स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ साली नियंत्रणाची आणि १९५८ साली निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. घराच्या भिंतींवर डी.डी.टी.चे पांढरे डाग आणि दारावर खडूने लिहिलेल्या तारखा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ते दिवस आठवतील. १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या लाखाच्या आसपास आली. लोकांना वाटले, संपला हिवताप. आणि १९७६ साली पुन्हा चौसष्ट लाखांवर रोगी नोंदले गेले! फवारणीतली ढिलाई, डी.डी.टी.ला न जुमानणारे डास, अशी याची कारणे अनेक होती. पण याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती, आणि ती डोळ्यांना दिसणारी नव्हती.

ती समजायला शेताचे उदाहरण घेऊ. ज्वारी म्हटली की जात एक; पण सोलापूरकडचा शेतकरी मालदांडी वेगळी ओळखतो, दगडी वेगळी. कणसे दुरून सारखीच दिसतात. पण एक वाण दुष्काळात तगतो, दुसरा माना टाकतो. हिवतापाच्या जंतूचेही तसेच आहे. व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम या वेगळ्या जाती, हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होते. परंतु एकट्या फाल्सिपेरममध्येही अनेक वाण आहेत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते अगदी एकसारखे दिसतात. फरक असतो तो त्यांच्या गुणसूत्रांवरच्या लिखावटीत.

१९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सरहद्दीवर आणि दक्षिण अमेरिकेत कोलंबियात असे रोगी दिसू लागले, की ज्यांना क्लोरोक्विन देऊनही ताप उलटून येई. त्याच सुमारास काही देशांत खाण्याच्या मिठात क्लोरोक्विन मिसळून वाटण्याची टूम निघाली होती, ब्राझीलचे डॉ. पिनोटी हे तिचे जनक. हेतू थोर, पण थोडे थोडे औषध सतत पोटात जाणे म्हणजे कच्च्या तणनाशकाची फवारणीच. साधे जंतू मेले, चिवट तेवढे उरले आणि त्यांना मोकळे रान मिळाले. औषधाने हा चिवटपणा निर्माण केला नाही. लाखो-करोडो जंतूंत लिखावटीची एखादी चूक होतच असते. औषधाने फक्त त्या चुकीला राज्य मिळवून दिले.

१९७३ साली हा चिवट वाण भारतात प्रथम आढळला, तो आसामात, कार्बी आंगलाँगकडे. पुढे १९७८ च्या सुमारास तो पूर्व आफ्रिकेत पोहोचला आणि तिथल्या मुलांचे जे हाल झाले त्यांना सीमा नाही. पण या वाणात वेगळे होते तरी काय?

हे कोडे सोडवायला अमेरिकेतल्या थॉमस वेलेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंडेलची जुनी युक्ती वापरली. मेंडेलने वाटाण्यांचा संकर केला. यांनी जंतूंचा केला. एक वाण होंडुरासचा, क्लोरोक्विनने मरणारा. दुसरा इंडोचायनाकडचा, न मरणारा. त्यांची १६ लेकरे तपासून, कोणी आई-बापांपैकी कोणाचा चिवटपणा उचलला आणि त्याबरोबर गुणसूत्राचा कोणता तुकडा उचलला, ते जुळवीत गेले. चौदा गुणसूत्रांपैकी सातव्यावर बोट आले. २००० साली नेमके जनुक सापडले. सबंध लिखावट सुमारे सव्वादोन कोटी अक्षरांची. तिच्यात या जनुकातल्या ७६ व्या स्थानी एका अक्षराच्या फरकाने लायसिनऐवजी थ्रिओनिन आले होते. त्याच्या जोडीला इतर काही बदल असतात, पण कळीचा बदल हा.

एवढ्याशा बदलाने काय होते? इथे ते काळे कण आठवावेत. जंतू आपल्या तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. खाऊन जे खरकटे उरते ते त्याला स्वतःलाच विषारी. म्हणून तो त्याचे निरुपद्रवी काळे खडे करून ठेवतो. लाव्हराँला आणि रॉसला दिसलेले कण ते हेच. क्लोरोक्विन जंतूच्या पोटात जाऊन बसते आणि हे खडे बनू देत नाही. जंतू आपल्याच खरकट्याच्या विषाने मरतो. चिवट वाणाच्या पोटाच्या भिंतीत मात्र, त्या एका अक्षरामुळे, मोरीचे तोंड असे काही बदलते की क्लोरोक्विन आत टिकतच नाही, बाहेर ओतले जाते. मग दहा गोळ्या द्या की वीस!

असे चिवट वाण जगात पदोपदी उगवले नाहीत. मोजक्याच ठिकाणी जन्मून ते प्रवासाने पसरले, हे २००२ साली दिसून आले. आफ्रिकेतला वाण आग्नेय आशियातून गेलेला. भारतात दोन घराणी आढळतात, आणि त्यांतले अधिक पसरलेले घराणे पापुआ न्यू गिनीतल्या घराण्याशी जुळते.

या इतिहासात एक पान मात्र आशेचे आहे. आफ्रिकेतल्या मलावी देशाने १९९३ साली क्लोरोक्विन देणे बंद केले. औषध नाही म्हटल्यावर चिवटपणाचा उपयोग संपला. तो अंगावर ओझेच झाला. साधे वाण पुन्हा वर आले. बारा वर्षांनी, २००५ साली, तिथे ८० मुलांना मुद्दाम क्लोरोक्विन देऊन पाहिले, तेव्हा केवळ एकाच्या बाबतीत ते अयशस्वी ठरले. आपण वापरायचे थांबलो, तर निसर्ग जुने हिशेब मिटवतो, असाच याचा अर्थ.

आपल्याकडे २०१० पासून फाल्सिपेरमला क्लोरोक्विन देत नाहीत; चीनच्या तू यूयू यांनी शोधलेल्या आर्टेमिसिनिनच्या घराण्यातली औषधे जोडीने देतात. त्याबद्दल त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. व्हायव्हॅक्सला मात्र आजही क्लोरोक्विन चालते. आणि आर्टेमिसिनिनलाही दाद न देणारे वाण प्रथम कुठे दिसले? त्याच कंबोडियाच्या सरहद्दीवर; आणि आता आफ्रिकेतही. तेव्हा गोष्ट संपलेली नाही.

आता पुन्हा आमच्या दहा गोळ्या. ताप उतरावा, माणूस हिंडता-फिरता व्हावा, आणि तीन आठवड्यांनी तोच जंतू पुन्हा उसळावा, ही चिवट वाणाची ठरलेली चाल. दादाच्या रक्ताची ती काच केव्हाच धुतली गेली. कोर्टात टिकेल असा पुरावा माझ्यापाशी नाही. पण गोळ्या मोजून देणाऱ्या बाईच्या शब्दाला आम्ही तीस वर्षे किंमत दिली नाही, आणि तो शब्द खरा असायला आता काहीच आडवे येत नाही. घेणारा चुकला नव्हता, देणारी चुकली नव्हती. गोळी निष्प्रभ झाली होती, आणि ते तिला कोणी सांगितले नव्हते.

या वर्षी चकल्या पाडायला वहिनी बसली होती, तेव्हा मी तिला हे सारे सांगितले. सातवे गुणसूत्र, शहात्तरावे स्थान, सगळे. तिने सोऱ्या खाली ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "सासूबाई असताना कळलं असतं, तर बरं झालं असतं, भावोजी." मग ओट्याकडे वळून मोठ्याने, पलीकडच्या खोलीत दादाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "अहो, ऐकलंत का? दहाच्या दहा दिल्या होत्या मी!"

आतून दादा म्हणाला, "मी कधी नाही म्हटलं?"

खरे आहे. त्याने नाही म्हटले नव्हते. आम्ही म्हटले होते.