खुर्रम सुलतानला खलनायिका कोणी बनवले?

तुर्कस्तानात ५ जानेवारी २०११ रोजी एक मालिका सुरू झाली. नाव 'मुहतेशेम युझयिल', म्हणजे वैभवशाली शतक. पुढे पाकिस्तानात ती 'मेरा सुलतान' या नावाने उर्दूत आली आणि उर्दू समजणाऱ्या आपल्याकडच्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचली. उस्मानी सुलतान सुलेमान, त्याची लाडकी खुर्रम, तिची सवत माहिदेवरान, वजीर इब्राहिम पाशा आणि शहजादा मुस्तफा ही त्यातली मुख्य पात्रे. भरजरी पोशाख, जनानखान्यातला सवतीमत्सर, विषाचे पेले, दाराआडून ऐकणारे कान. मालिका संपते तेव्हा बहुतेक प्रेक्षकांच्या मनात एकच हिशेब उरतो: ही बाई महालात आली नसती, तर बिचारा मुस्तफा वाचला असता.

इतिहास हा हिशेब मान्य करतो का?

आधी नावाचे पाहू. तुर्क ज्याला 'हुर्रेम' म्हणतात तो मूळचा फारसी शब्द 'खुर्रम', म्हणजे आनंदी, हसतमुख. आपल्या शाहजहानचे जन्मनावही हेच. ही मुलगी आजच्या युक्रेनमधली. गुलाम म्हणून पकडली गेली, विकली गेली आणि इस्तंबूलच्या महालात पोहोचली. तिचे माहेरचे खरे नाव काय, हेही खात्रीने सांगता येत नाही. जिला स्वतःचे नावही राखता आले नाही, तिच्या माथी एका सल्तनतीचे सगळे पाप मारले गेले, हे आधी लक्षात घ्यावे.

उस्मानी घराण्याची एक रीत होती. सुलतानापासून दासीला मुलगा झाला की तिचे सुलतानाशी नाते बहुधा तिथेच थांबे. मुलगा मोठा होऊन एखाद्या प्रांताचा कारभार पाहायला निघाला की आईही त्याच्यासोबत जाई. एक आई, एक मुलगा. इतिहासकार लेस्ली पियर्स यांनी उस्मानी जनानखान्यावरच्या १९९३ सालच्या ग्रंथात ही रीत नीट उलगडली आहे. माहिदेवरान १५३३ साली मुस्तफासोबत मनिसाला गेली ती याच रिवाजानुसार. मालिकेत हेच जाणे नाकारलेल्या पत्नीच्या वनवासासारखे दिसते.

खुर्रमच्या बाबतीत मात्र सुलेमानने रीत मोडली. तिला एकाहून अधिक मुलगे झाले, ती राजधानीतच राहिली आणि सुलेमानने तिला आझाद करून तिच्याशी रीतसर निकाह केला. लोकांना हे पचणारे नव्हते. तिने सुलतानावर जादूटोणा केला, अशी कुजबुज इस्तंबूलमध्ये होती. युरोपच्या राजदूतांनी तीच कुजबुज आपापल्या राजांना लिहून पाठवली. जनानखान्याच्या आत पाऊल ठेवण्याची मुभा त्यांच्यापैकी एकालाही नव्हती. मालिकेतले कितीतरी नाट्य अशाच ऐकीव मजकुरावर उभे आहे.

आता मुस्तफाकडे वळू. ६ ऑक्टोबर १५५३ रोजी, इराणवरच्या मोहिमेच्या वाटेवर, एरेग्लीजवळच्या छावणीत सुलेमानने त्याला आपल्या तंबूत बोलावले आणि गळा आवळून मारले. कथा अशी सांगतात की खुर्रमचा जावई, वजीर रुस्तम पाशा, याने मुस्तफाच्या नावाने इराणच्या शाहला बनावट पत्र पाठवले होते. ही कथा वाचताना मराठी माणसाला 'ध चा मा' आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही खून पुरुषांनी केला आणि लोकांच्या तोंडी नाव राहिले आनंदीबाईचे.

खुर्रम आणि रुस्तम निर्दोष होते, असे माझे म्हणणे नाही. त्यांना मुस्तफा नको होता हे उघड आहे. पण बापाने पोटच्या मुलाचा जीव का घ्यावा, याचे उत्तर एका पत्रात मावत नाही. सुलेमानचा बाप पहिला सलीम याने १५१२ साली जानिसारी फौजेच्या जोरावर आपल्याच बापाला तख्तावरून खाली ओढले होते आणि मग भावांना व पुतण्यांना संपवले होते. १५५३ साली सुलेमान साठीच्या उंबरठ्यावर होता आणि जानिसारींचा लाडका शहजादा होता मुस्तफा. सुलेमानच्या कानाशी कोणी कुजबुजले नसते, तरी घराण्याची तारीख त्याच्या कानात ओरडतच होती.

त्यात भर होती कायद्याची. इस्तंबूल जिंकणाऱ्या दुसऱ्या मेहमदच्या कानूननाम्यात तख्तावर बसणाऱ्याला 'निजाम-ए-आलम'साठी, म्हणजे जगाची घडी टिकावी म्हणून, भावांना मारण्याची परवानगी होती. थोरल्याला गादी असा नियमच नव्हता. शहजाद्यापुढे दोनच वाटा: तख्त किंवा कबर. मुस्तफा सुलतान झाला असता, तर खुर्रमच्या मुलांचे काय झाले असते? हा प्रश्न मालिका पुरेशा गांभीर्याने विचारत नाही. ज्याला आपण कारस्थान म्हणतो, त्यात एका आईची भीतीही होती. माहिदेवरानची भीतीही तीच होती आणि ती खरी ठरली.

सर्वांत मोठा पुरावा पुढे आहे. खुर्रम १५५८ साली वारली. त्यानंतर उरलेले दोन शहजादे, सलीम आणि बायजीद, दोघेही तिच्याच पोटचे. ना सवत, ना सावत्र भाऊ. तरी १५५९ साली कोन्याजवळ दोघांच्या फौजा भिडल्या. हरलेला बायजीद इराणला पळाला आणि काही काळाने तिथेच मुलांसह मारला गेला. कारस्थान करणारी बाई कबरीत होती, पण खून थांबले नाहीत. १५९५ साली खुर्रमचा पणतू तिसरा मेहमद तख्तावर बसला, तेव्हा त्याने १९ भावांना मारले. १६१७ नंतर घराण्यातल्या वडीलधाऱ्याला गादी मिळू लागली. तेव्हा कुठे ही कत्तल ओसरू लागली, तीही लगेच पूर्ण थांबली नाही. फरक पडला तो नियम बदलल्यामुळे, बायका बदलल्यामुळे नव्हे.

२०१२ साली तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोगान यांनी या मालिकेवर टीका केली होती. सुलेमानची तीस वर्षे महालात नव्हे, घोड्याच्या पाठीवर गेली, असे त्यांचे म्हणणे. मोहिमांच्या बाबतीत ते खरे आहे. सुलेमान वारला तोही हंगेरीच्या मोहिमेवरच. पण घोड्याची पाठ एवढाच इतिहास आणि महाल म्हणजे केवळ चहाडी, ही वाटणीच चुकीची आहे. मुस्तफाचा फैसला छावणीत झाला, त्याची भीती महालात वाढली आणि दोहोंच्या मुळाशी तख्ताचा कायदा होता.

आपल्यापैकी काहीजण अशा मालिका 'आपली तारीख' म्हणून अभिमानाने पाहतात, तर काहीजण त्याच दाखवून आपल्याला हिणवतात. दोघांनाही एकच सांगावेसे वाटते. ही एका घराण्याच्या सत्तेची गोष्ट आहे, दीनची नव्हे. खुर्रमने जेरुसलेममध्ये गरिबांसाठी लंगर उभारला, इस्तंबूलमध्ये मशीद, मदरसा आणि दवाखाना बांधला. मात्र ही कामे सांगणारे थोडे आणि विषाचे पेले दाखवणारे फार.

मालिका जरूर पहा. फक्त पुढच्या वेळी पडद्यावर एखादी बेगम डोळे बारीक करून कट रचताना दिसली, तर तिच्या मागे उभे असलेले तख्तही पहा आणि विचारा, या खेळाचे नियम कोणी केले होते? ते तिने नक्कीच केले नव्हते.