स्थलांतरित कष्टकऱ्यांचे सामाजिक बंध (पुणे शहर)

पोटापाण्यासाठी पुण्यात आलेल्या मजुरांना काम, निवारा आणि नागरी ओळख मिळवून देणारे नात्यागोत्याचे, गाववाल्यांचे व संघटनांचे आधार. आधी आलेला भाऊबंद खोली बघून देतो, मुकादमाशी गाठ घालून देतो, दुकानदाराकडे उधारीसाठी शब्द टाकतो. मुकादमाची उचल घेतलेला मजूर मात्र कमी मजुरीतही अडकून पडतो.

1972च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेली अनेक दलित कुटुंबे नातलगांच्या आधाराने झोपडवस्त्यांत राहिली. त्यांतील बायकांनी कचरा वेचण्याचे काम धरले. कोणत्या कुंडीवर माल मिळतो, कोणते प्लॅस्टिक खपते, हे नवी सून सासू-जावांबरोबर फिरून शिके. चोरीचा आळ, पोलिसांचा जाच आणि भंगारवाल्याचा काटा यांपुढे मात्र सगेसोयरेही हतबल असत. 1993मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांचे पाठबळ व एसएनडीटी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्यांचा पुढाकार यांतून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिने दिलेल्या ओळखपत्राला पुढे महापालिकेची मान्यता मिळाली. हटकणाऱ्याला दाखवायला बाईच्या हाती प्रथमच काहीतरी आले. या चळवळीतील हा सर्वांत मोलाचा टप्पा मानावा लागेल. पाठोपाठ पतसंस्था आली. घरोघरचा कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था 2008पासून महापालिकेशी करार करून काम करू लागली.

संघटनेची ही वाट आढाव यांच्याच हमाल पंचायतीने, म्हणजे हमालांच्या संघटनेने, 1950च्या दशकातच घालून दिली होती. बाजारपेठेत एकट्याने राहणाऱ्या हमालांची जेवणाची आबाळ होई. पंचायतीने 1974मध्ये सुरू केलेल्या ‘कष्टाची भाकर’ केंद्राने त्यांना स्वस्तात भाजीभाकरी दिली. हमाल-माथाडी कामगारांसाठीच्या 1969च्या माथाडी कायद्यामागेही अशीच संघटित ताकद होती.

आज बांधकामांवर बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेशातील मजूर मोठ्या संख्येने दिसतात. काम संपले की साइट बदलते, शेजार तुटतो, मुलांची शाळा सुटते. 2020च्या टाळेबंदीत ठेकेदाराखेरीज शहरात कुणीच ओळखीचे नसलेल्यांचे हाल सर्वाधिक झाले. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979मध्येच कायदा झाला होता. पण हमाल पंचायतीच्या तोडीची संघटना या मजुरांच्या पाठीशी पुण्यात अजून उभी राहिलेली नाही.