'फ्राउ डॉक्टर' म्हणजे नेमके कोण? #थ्रेड

२००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या पट्ट्यात आता जर्मन कंपन्यांचा राबता आहे. जर्मन पत्रात बाईंच्या नावाआधी 'फ्राउ' एवढेच असते; त्या विवाहित आहेत की नाहीत, हे पत्र सांगत नाही. भाषांतरकाराची पंचाईत इथूनच सुरू होते.

जर्मन भाषेचे हे मौन फार जुने नाही. पूर्वी अविवाहितेला 'फ्रॉयलाइन' म्हणत. हे 'फ्राउ'चे लघुत्वदर्शक रूप, आणि व्याकरणात चक्क नपुंसकलिंगी! पुरुष मात्र लग्नाआधीही 'हेर' आणि नंतरही 'हेर'. १९७२ साली पश्चिम जर्मनीच्या गृहमंत्रालयाने सरकारी व्यवहारातून 'फ्रॉयलाइन' हद्दपार केले.

इंग्रजीतील 'मिस' आणि 'मिसेस' या दोन्ही उपाध्या 'मिस्ट्रेस' या एकाच शब्दाच्या लेकी. वैवाहिक स्थिती न सांगणारी 'मिझ' ही उपाधी १९०१ मध्येच मॅसॅच्युसेट्समधील एका वृत्तपत्राने सुचवली होती. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती स्वीकारली थेट १९८६ मध्ये. आजच्या 'फ्राउ'ला जवळची आहे ती हीच. सरसकट 'मिसेस' लिहिणे चूक.

मराठीत 'श्रीमती' लिहावे, तर सरकारी कागदावर ते कोणत्याही स्त्रीला चालते. लग्नपत्रिकेत मात्र त्याचा अर्थ अनेक घरांत अजूनही 'विधवा' असाच घेतला जातो.

खरा पेच पदवीचा. जुन्या जर्मन रिवाजात 'फ्राउ डॉक्टर' म्हणजे स्वतः डॉक्टर असलेली स्त्री, किंवा डॉक्टरची पत्नी. मास्तरीणबाई, डॉक्टरीणबाई म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. इंग्रजीत मात्र निवड करावीच लागते: 'मिसेस' की 'डॉक्टर'?

इरावती कर्वे यांना तर दोन्ही अर्थ लागू होते. पती दिनकर कर्वे यांनी जर्मनीतूनच रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. १९३० मध्ये बर्लिन विद्यापीठाने इरावतीबाईंनाही मानववंशशास्त्रातील डॉक्टरेट दिली. त्यांना नुसते 'मिसेस कर्वे' म्हटले, तर ही दुसरी पदवी दिसेनाशी होते. आणि ती सहज मिळालेली नव्हती. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. युरोपीय कवट्यांची ठेवण वेगळी असते, या त्यांच्या गृहीतकाला इरावतीबाईंनी घेतलेली मोजमापे दुजोरा देत नव्हती. प्रबंधात त्यांनी तसे स्पष्ट लिहिले.