झोप की श्वास : दिल्लीतील अफूबाधा आणि तिच्यावरील उपचार

अफू, तिच्यापासून काढलेले मॉर्फीन व हेरॉईन आणि त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत घडवलेली वेदनाशामके यांना वैद्यकात एकत्रितपणे ‘ओपिऑइड’ म्हणतात. यांपैकी कोणताही पदार्थ प्रमाणाबाहेर शरीरात गेला की मेंदूतील श्वसनाचे केंद्र मंदावते, श्वास तुटक होत जातो आणि प्राणवायूअभावी मृत्यू ओढवतो. यालाच अतिमात्रा किंवा बोलीत ‘ओव्हरडोस’ म्हणतात. टाचणीच्या टोकाएवढी झालेली डोळ्याची बाहुली, हाक मारूनही न उघडणारे डोळे आणि मंद, घोरल्यासारखा श्वास ही तिची तीन लक्षणे होत.

ही लक्षणे आधुनिक शोध नव्हेत. अफूचे विष हा एकोणिसाव्या शतकातील भारतीय न्यायवैद्यकाचा, म्हणजे न्यायालयास साहाय्यभूत वैद्यकाचा, नित्याचा विषय होता. नॉर्मन चेव्हर्स यांचा या विषयावरील ग्रंथ १८५६ मध्ये निघाला तो बंगाल आणि वायव्य प्रांतांसाठी, आणि त्या वेळी दिल्ली वायव्य प्रांतांतच मोडत होती. निदान अचूक असले तरी उपचार मात्र एका गैरसमजावर उभा होता. रुग्ण झोपेने मरतो असे मानून त्याला दोन माणसांच्या आधाराने तासन्‌तास चालवणे, तोंडावर गार पाणी मारणे, कडक कॉफी पाजणे असे उपाय केले जात. जठर धुणे आणि कृत्रिम श्वास देणेही माहीत होते, पण सर्वसामान्यांच्या स्मरणात राहिले ते चालवणे आणि जागे ठेवणे. आजही घरोघरी हेच सुचते, आणि त्यात ज्या मिनिटांत श्वास द्यायचा ती वाया जातात.

१९६० च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेले नॅलोक्सोन तेथे १९७१ मध्ये औषध म्हणून मान्य झाले आणि चित्र पालटले. मेंदूतील ज्या जागी अफूजन्य पदार्थ चिकटतो तेथून त्याला हुसकावून हे औषध काही मिनिटांत श्वास परत आणते, मात्र त्याचा परिणाम साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, म्हणून शुद्धीवर आलेला रुग्ण पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो आणि त्याला रुग्णालयात ठेवावेच लागते. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत नॅलोक्सोन आहे.

मराठीत ज्याला गर्द म्हणतात आणि दिल्लीत स्मॅक, ते हलक्या प्रतीचे हेरॉईन १९८० च्या दशकात महानगरांत पसरले. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा त्याच काळातला. पप्पनकलां या नावाने आखलेली दिल्लीची द्वारका ही उपनगरी तेव्हा नकाशातून जमिनीवर उतरू लागली होती. तिच्या जवळच्या हरीनगरातील दीनदयाळ उपाध्याय रुग्णालयात एम्सचे व्यसनोपचार केंद्र १९८८ मध्ये सुरू झाले, पण २००३ मध्ये ते गाझियाबादला, म्हणजे राजधानीच्या पार दुसऱ्या टोकाला, गेले. याच केंद्राच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ओपिऑइड वापरणाऱ्यांची संख्या सुमारे २ कोटी २६ लाख आढळली. द्वारकेच्या सेक्टर ९ मधील इंदिरा गांधी रुग्णालय रुग्णसेवेत आले ते २०२१ च्या करोनाकाळात.

रुग्णालय जवळ आले म्हणून पहिल्या काही मिनिटांची जबाबदारी शेजारच्या माणसावरून उतरत नाही. ११२ वर फोन करणे, श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणे, चालू असेल तर रुग्णाला कुशीवर वळवून उलटी घशात जाणार नाही असे ठेवणे आणि मदत येईपर्यंत त्याला एकटे न सोडणे, एवढे कोणालाही जमण्यासारखे आहे. अडते ते पोलिसांच्या भीतीपाशी, कारण विषबाधेची नोंद रुग्णालयात न्यायवैद्यक प्रकरण म्हणून होते आणि सोबत आलेला माणूसही बहुधा व्यसनीच असतो. मदतकर्त्याला संरक्षण देणारे मोटार वाहन कायद्यातील कलम १३४अ, २०१९ च्या दुरुस्तीने आलेले, फक्त मोटार अपघातांपुरते आहे.